शेऱ्याचा रकाना

उम्म अल कुवैनच्या खाडीकाठी
जाळी नव्याने मारायची म्हणून
हद्दीचे कोपरे घ्यायला मला पाठवलंय.
महामार्गावर ट्रेलर, अलीकडे एक वठलेलं घाफचं झाड,
त्याच्याही अलीकडे चौकोनी खोली, छत नसलेली,
दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी
दार पूर्वेला ठेवून बांधलेली.

मोसुलकडचा बहनाम इथे खापरं जुळवतो.
त्याने मोबाइलवर दगडी कुंडाचा फोटो दाखवला:
ओळी बऱ्याच होत्या, वाऱ्याने वाचून संपवल्या.
एकच शब्द उरलाय. शमश.
"सूर्य," तो म्हणाला. "घरी आम्ही अजून शिमशा म्हणतो.
आई ओरडायची, शिमशा डोक्यावर आली,
ऊठ, चर्चला उशीर होतोय."
त्यांच्याकडे सूर्य बाईमाणूस.

आमच्याकडे तर चर्चचा वारच सूर्याचा.
इथे कंपनीची सुट्टी शुक्रवारी,
म्हणून तेरा वर्षं मी प्रभूला शुक्राच्या दिवशी भेटतो.
शुक्रही पहाटेचाच. तक्रार नाही.

राहुरीला बाबा प्रचारक होते.
गुरवमामांनी हौसेने मांडलेली माझी पत्रिका
त्यांनी चुलीत घातली. तिच्यावर दूध तापलं,
ते मीच प्यायलो असणार.
ग्रह बघणं पाप, हे ते वेदीवरून सांगत,
आणि नाताळच्या नाटकात
पूर्वेकडून तारा बघत आलेल्या तीन जोश्यांना
दाढ्या चिकटवत बसत.
मी दरवर्षी उंट. मागचा.
ईस्टर कधी, हे बघायला
चष्मा कपाळावर सारून
भिंतीवरच्या कॅलेंडरात चैत्राची पौर्णिमा शोधत.
"पंचांग बघताय?" आई विचारी.
"चंद्र बघतोय," म्हणत, आणि पान सोडून देत.

खाडीत समोर बेट आहे.
तिथल्या वाळूतून मठ निघाला,
भाकर भाजायची भट्टी, पाण्याचं टाकं.
शमशचा चौथरा ओस पडून
कैक पिढ्या गेल्यावर ते साधू आले.
यांची त्यांची गाठ नाही.
वेदी मात्र त्यांनीही पूर्वेलाच ठेवली.

बहनाम म्हणतो, रोमात आजच्या तारखेला
सूर्याचा वाढदिवस असे, मग तो बाळाचा झाला.
उसना घेतला म्हणणारे आहेत,
आधीपासून बाळाचाच म्हणणारेही आहेत.
मी त्या भांडणात नाही. मला कोन मोजता येतो.

एकवीस तारखेला याच खुंटीवरून
काळी काच लावून मी उगवता सूर्य पकडला होता.
बिलात नसलेलं काम.
आज पुन्हा. सात वाजून दोन मिनिटं,
बिंब वाळूपासून सुटलं,
आकडा बघितला, यंत्र उलटं फिरवून परत बघितला.
उत्तरेला सरकलाय.
तीन मिनिटं आणि थोडे सेकंद,
घड्याळाची नव्हेत, कोनाची.

नुसत्या डोळ्याला हे दिसत नाही.
ज्याने हे दार बांधलं
तो किती पहाटा इथे ताटकळला असेल,
घर सोडून गेलेल्या पोराच्या बापासारखा,
आज तरी परत फिरेल म्हणून?

बाबांना फोन करायचा हा दिवस.
ते गेल्यापासूनचा हा आठवा नाताळ.
त्यांना सांगितलं असतं, बाबा, तीन मिनिटं.
ते म्हणाले असते, कशाची? जेवलास का?

बहनामने थर्मासमधला चहा ओतला,
त्याच्या भाषेत सणाचं काहीतरी म्हणाला.
मी वही उघडली:
बिंदू क्रमांक, कोन, उंची.
शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, धुकं नाही.
मग खोडलं. लिहिलं, वळला.

रविवारी ऑफिसात कुरुविला विचारेल,
काय वळला? रस्ता?