सही

दांडिया बाजारातल्या माझ्या खोलीत टर्पेंटाइनचा वास
आणि कोनाड्यात काजळी.
देव भावाने पुण्याला नेले, वाटणीत:
खंडोबाचा टाक, शाळिग्राम,
गुडघा झिजलेला रांगता बाळकृष्ण.
त्यांच्या बुडाखालची जागा तेवढी पांढरी राहिली,
दोन वाटोळी, एक जरा लांबट.
आईने ती पुसू दिली नाही.
ती गेल्यावर मीही फडकं उचललं नाही.

फाइन आर्ट्सला असताना
एक वर्ष मी पुस्तकांतल्यासारखं काढलं,
मग दोन वर्षं सरांसारखं.
सर एकदा मागे येऊन उभे राहिले, विडी विझेपर्यंत.
म्हणाले, 'घारपुरे, आ तो मारुं थयुं. तारुं क्यां छे?'

घरी मराठी, गल्लीत गुजराती,
झोपेत कोणती बडबडतो ते तसनीमला माहीत.
ती लिथोच्या दगडावर स्पंज फिरवायची,
रोज्यात, सुकल्या ओठांनी.
तेल नि पाणी एकमेकांना शिवत नाहीत
म्हणून तर छाप उठतो, म्हणायची,
आणि हसायची नाही.

पहिल्यांदा खोलीवर आली तेव्हा
कोनाड्यापाशीच थांबली.
'इथे कोण राहायचं?'
मी नावं सांगितली.
बाळकृष्णाचं सांगताना आवाज जरा हलला,
मलाच नवल वाटलं.
तिने त्या पांढऱ्या डागांवर तळवा धरला,
न टेकवता,
तव्याची धग बघतात तसा.
'हे काढ ना,' म्हणाली.

तेव्हापासून हेच काढतोय. अकरा वर्षं.
काळ्यावर काळं, मध्ये राखून ठेवलेलं पांढरं.
मुंबईत एकाने विचारलं, चंद्र आहेत का?
मी हो म्हणालो. चित्र विकलं गेलं.

काल विश्वामित्रीच्या पुलावर माणसं मगर बघत थांबलेली.
मला नुसता चिखल दिसत होता.
तसनीम म्हणाली, चिखलाला डोळे आहेत, बघ.
मग दिसले.

आज रात्री नवं चित्र संपलं असं वाटलं.
सही करायला बसलो.
गुजरातीत केली तर अक्षरं उघडी, डोक्यावर काही नाही.
मराठीत आधी ओढायची रेघ, मग खाली एकेक टांगायचं,
आई पाटीवर शिकवायची तसं.

रेघ ओढली.
चांगली सरळ आली, हात कापूनसुद्धा.
खाली अजून काही लिहिलेलं नाही.
गादीवर तसनीम कूस बदलते,
तिच्या जागी चादरीत खोलगट राहतं, ऊबदार असणार.
अर्धवट झोपेत म्हणते,
ओली आहे ना,
हात नको लावूस.