दोन अक्षरं, सहा आकडे

हीउमा बेटावरच्या पक्षी केंद्रात,
मागच्या खोलीत, ओल्या लोकरीच्या वासात
मी एक ओळ लिहिली:
आरंभाला टोपी, अखेरीला डॉलर,
मधे दोन मोठी अक्षरं, आडवी रेघ,
सहा आकडे.
पाखराच्या पायातल्या कड्यावर जे कोरतात
तेवढंच आत यावं.

पन्नास वर्षांच्या नोंदी चाळणीत ओतल्या.
वर राहिल्या दोनशे बारा,
बहुतेक एकाच हातच्या:
एंडेल तामिक, एकाहत्तर ते एकोणनव्वद.

शून्याच्या जागी तो ओ काढायचा,
गोल, मन लावून.
डोळ्यांना न कळणारा हा फरक
माझ्या ओळीला मात्र कळायचा. ते सुधारलं.
पण चौदा ठिकाणी घोडं अडलं.
तिथे आकड्याच्या जागी प्रश्नचिन्ह होतं.

माझ्या ओळीच्या भाषेत प्रश्नचिन्ह म्हणजे
आधीचं असलं तर असू दे,
नसलं तरी चालेल.

एंडेल जाळं सांधत बसला होता,
कानातलं यंत्र खिशात.
वही पुढे धरली तर म्हणाला,
"सुरय होता. जून महिना.
दक्षिणेच्या बर्फापर्यंत किती खेपा केलेल्या, कोण जाणे.
चौथा आकडा मिठानं खाल्लेला.
भिंग लावलं, कागद ठेवून पेन्सिल घासली.
तीन की आठ?
हिल्या म्हणाली, तीन लिही आणि सोड त्याला,
बघ काळीज कसं उडतंय.
मी सोडलं.
तीन नाही लिहिलं.
मॉस्कोतल्या बाबूनंही पत्र पाठवून विचारलं होतं,
तीन की आठ?
आता तू."

परत आले तर एक ताजी नोंद आलेली:
ए बी, रेघ, एक दोन तीन चार पाच सहा.
पक्षी: माहीत नाही. ठिकाण: शाळा, मागचा बाक.
माझ्या ओळीनं तिला हूं की चूं न करता
आत घेतलं होतं.

त्या शाळेला पत्र टाकलंय. उत्तर नाही.

रात्री मी ओळ पुन्हा उघडली.
चौकटी कंसात, शून्य ते नऊच्या शेजारी
एक प्रश्नचिन्ह बसवलं.
कंसात शिरलं की त्याची खोड जाते;
असलं-नसलं काही म्हणत नाही,
नुसतं स्वतःपुरतं उरतं.

चौदाच्या चौदा आत आल्या.
जूनमधला तो सुरयही,
चौथ्या घरात तीन.
किंवा आठ.