पाणी किती दिवसांआड

चटई नीट अंथरून व्हायच्या आतच सोजरनं विचारलं,
"तिकडं पाणी किती दिवसांआड येतंय गं?"
उदगीरात आमच्या गल्लीत नळ नवव्या-दहाव्या दिवशी,
त्यामुळं प्रश्न सरळच होता.
मी म्हटलं, येत नाही बाई, ते जातच नाही.
सकाळी भुरभुर, दुपारी धुकं, सांजंला आडवा पाऊस,
वाळत घातलेला टॉवेल चार-चार दिवस ओला.
"मग बायका भांडत्यात कशावरून?"

चार वर्षं झाली मला आयर्लंडच्या पश्चिम कडेला,
म्हाताऱ्यांच्या एका आश्रमात नर्स म्हणून.
झाडं कमी, दगड उदंड.
शेताशेतांत नुसत्या दगडांच्या भिंती,
माती नाही, चुना नाही,
फटींतून वारा निघून जावा म्हणून मोकळ्या रचलेल्या.
जमीन काळी, पण आपल्यासारखी भेगाळणारी नव्हे.
पाय दिला की हलते, झोपलेल्या म्हशीच्या पाठीगत.
तिच्या विटा कापतात, उन्हाला उभ्या करतात
(ऊन असलं तर)
आणि हिवाळ्यात चुलीत घालतात.
"माती जाळत्यात?"
गोवरी समज, मी म्हटलं. हजारो वर्षं मुरलेल्या शेवाळाची गोवरी.
वासही तसाच, जरासा गोडूस.
पहिल्या महिन्यात त्या वासानं मी रडले होते,
हे मी ओट्यावर सांगितलं नाही.

रेहाना भाभीनं सुपारी कातरता कातरता विचारलं,
"जबान कौनसी बोलते?"
इंग्रजी. पण रस्त्यावरच्या पाटीला दोन ओळी:
वरची त्यांची, खालची सगळ्यांना कळणारी.
आमच्याकडं एक कोलमनबाबा होता, सत्त्याऐंशीचा.
आठवण झिजली तशी आधी खालची ओळ पुसली गेली,
उरली ती वरची.
लेक यायची डब्लिनहून, तिला ती वाचता यायची, बोलता नाही.
बापाचा हात धरून बसायची, मी सलाईन बघायची.
रात्री तो म्हणायचा, ईश्का, ईश्का.
मला वाटलं कुणा बाईचं नाव.
भाभी फस्सकन हसली, "इश्क?"
पाणी, भाभी. पाण्याला म्हणतात ते.
तिनं अडकित्ता खाली ठेवला,
अंगणातल्या निळ्या ड्रमांकडं पाहिलं.
"फिर तो एकच बात हुई."

प्रयागबाई तोवर गप्प होती, भिंतीला टेकून.
तिला मी रस्त्याचं सांगितलं.
पावणेदोनशे वर्षांमागं त्यांचा बटाटा जमिनीतच सडला.
दुसरं पीक होतं, पण ते खंडात जायचं, जहाजात जायचं.
लाखांनी माणसं मेली, लाखांनी समुद्रापार गेली.
सरकारनं भुकेल्यांना काम काढलं: खडी फोडा, रस्ता बांधा.
कोलमनबाबाच्या खिडकीतून तसला एक दिसायचा,
डोंगरावर निम्म्यापर्यंत चढलेला.
सुट्टीच्या दिवशी मी गेले.
चांगला रुंद, कडेला दगड नीट लावलेले,
आणि एकाएकी संपतो.
पुढं गाव नाही, घर नाही, विहीर नाही.
दोन मेंढ्या होत्या, त्या माझ्याकडं बघत राहिल्या.

"कुठंच जात न्हाई?"
नाही.
"मंग बांधला कशाला?"
फुकट कसं द्यायचं म्हणून.

प्रयागबाईनं उजवा अंगठा चोळला.
त्याचं नख बहात्तर साली गेलेलं, परत सरळ आलंच नाही.
देगलूर रस्त्यावर ती खडी फोडायला होती, पंधराची असंल,
दुपारी सुकडी, आठवड्याला हजेरी.
"मजुरी मिळाली का त्यांला?"
मिळाली. उशिरा. कितीकांना मेल्यावर.
ती बराच वेळ काही बोलली नाही.
सोजर उठून ड्रमाचं झाकण बसवून आली.

"आमचा तर जातोय बाई देगलूरला," प्रयागबाई म्हणाली,
"माझ्या नातीची बस रोज जाती त्यावरनं."
मग माझ्याकडं वळून, अगदी हळू,
"त्या मेंढ्या कुणाच्या हुत्या गं?"
मला माहीत नव्हतं.
पाठीवर निळा रंग मारलेला होता, एवढंच सांगितलं.