खापेकर डी.टी.पी., गोळीबार चौक

मे महिना. कूलरच्या टाकीत पाणी भरून
मी शटर अर्धं ओढलं, तरी
बारापात्र्यांचा लोकेश पायरीवरून उठला नाही.
मांडीवर फोन, फोनचा उजेड हनुवटीवर.
म्हणाला, काकू, एक सांगायचं होतं.
तुमचं नेट उघडं आहे.
दोन वर्षांपासून आहे.
मग थोडं थांबून, मीच वापरून राहिलो.

मला वाटायचं पोरगा सावलीला बसतो.
रात्री दहाला कसली सावली,
हे डोक्यात आलं नव्हतं.

उघडं ठेवलं ते दानधर्म म्हणून नाही.
आत एक कॉम्प्युटर आहे, दोन हजार सहाचा,
पाठीला कुबड आलेला मॉनिटर,
त्यावर बाळकृष्णाचं स्टिकर, आता मोरपीस तेवढं उरलंय.
नव्या मशीनवर माझे फॉन्ट चालत नाहीत.
काना एकीकडे पडतो, वेलांटी दुसरीकडे,
चि. सौ. कां.च्या जागी नुसते चौकोन.
पतसंस्थेचं कर्ज काढून घेतलेलं ते सॉफ्टवेअर,
म्हणून हेच.
आणि याला कुलूपबंद नेट दिसायचं, जोडता यायचं नाही.
राऊटर बसवणारा म्हणाला, कुलूपच काढून देतो.
लग्नसराई होती, सहा पत्रिका अडल्या होत्या.
काढ म्हटलं.

लोकेश चप्पल बाहेर काढून आत आला.
आधी राऊटरचं पान उघडलं:
नाव अ‍ॅडमिन, पासवर्डही अ‍ॅडमिन.
हसला नाही, हे बरं केलं.
जुनं कुलूप याला कळते काकू, वेप म्हणतात,
पण ते सुतळीनं बांधलेलं फाटक हाय,
दहा मिनिटांत सुटते. ते नको.
दुसऱ्या दिवशी बर्डीवरून
साडेतीनशेचं डोंगल आणलं, नखाएवढं,
आणि पेनड्राइव्हमध्ये विंडोजची राहिलेली दुरुस्ती.
तीन वेळा बंद, तीन वेळा चालू.
मधेच लाइन गेली.
अंधारात आम्ही दोघं कूलरचं थेंब थेंब ऐकत बसलो.

लाइन आली. म्हणाला,
आता पासवर्ड. लांब द्या.
नाव नको, जन्मतारीख नको, गजानन महाराज नको.
आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला,
बँकेच्या कॅलेंडरवरची एकादशी वाचत.

बोटं कीबोर्डवर ठेवली.
ही बोटं अठ्ठ्याऐंशी साली
इन्स्टिट्यूटमध्ये डोळे बांधून मराठी शिकली.
तेव्हा पत्रिकेतलीच एक ओळ मारली,
हजारदा मारलेली, कोणती ते सांगणार नाही.
कळा इंग्रजी, बोटं मराठी.
पडद्यावर काळ्या टिकल्यांची रांग,
आणि टिकल्यांच्या खाली जे काही उमटलं असेल
ते कुठल्याच भाषेत नाही.

जुनं मशीन जोडलं गेलं.
यानं बाहेर फिरायला जाऊ नये, लोकेश म्हणाला,
आता याले कोणी दवापाणी करत नाही.
घरातल्या घरात ठेवा, प्रिंटरपर्यंत.
मी हो म्हटलं. माझंही तसंच आहे थोडं.

मग त्यानं स्वतःचा फोन पाहिला.
वरची पंख्यासारखी खूण गेली होती.
बोलला काहीच नाही.
चप्पल घातली, पायरी ओलांडून गेला.

रात्री एकटीनं ते पान पुन्हा उघडलं,
नव्या पासवर्डनं, एका झटक्यात.
एका कोपऱ्यात लिहिलं होतं, पाहुण्यांसाठी वेगळं जाळं.
हे त्यानं मला दाखवलं नव्हतं.
त्याला माहीत नसेल असं नाही.

उरलेला एक सोनेरी काठाचा कार्ड घेतला.
त्यावर जाळ्याचं नाव, पासवर्ड, सोळा पॉइंटात.
वेळ : रात्री दहापर्यंत.
खाली सवयीनं टाइप झालं,
कृपया आहेर आणू नये.
खोडलं नाही.