मिठाचा खडा

गॅरी, इंडियाना. पोलादाच्या भट्ट्या विझल्यापासून
माझ्या दुकानात माणसं येतात ती जुनं विकायला.
ओझेला टिब्स विचारायला आली :
शनिवारी बारमध्ये वाजवायचंय. हा, की तो?

नवा हलका, गुळगुळीत, दोन वर्षांची हमी.
फुंकर घाला, जशीच्या तशी परत देतो,
सत्तरीतली धापसुद्धा.

जुना मुठीत बसतो बटाट्यासारखा.
टॅक्सी कंपनीच्या टेबलावर बावीस वर्षं काढलेला;
"चार नंबर, ब्रॉडवेला जा" –
त्यात तिची आई बोलायची.
हार्मोनिका टेकवली की सूर येतो
पातेल्याच्या खरवडीसारखा,
करपलेला, आणि म्हणूनच गोड.

मी म्हटलं, आत मिठाचा खडा आहे, बाई, स्फटिक.
उन्हात गाडीत विसरलात की मेला.
दमट हवेतही विरतो.
"आईचंही तसंच," ती म्हणाली,
"ऊन म्हणून सोसायचं नाही."

पैसे मोजले ते नव्याचे.
जुना रुमालात गुंडाळला, तांदळाच्या डब्यात ठेवीन म्हणाली.
दारापाशी थांबली,
पुन्हा सोडवला,
वायर तशीच लोंबत,
ओठांशी धरून हळूच :
"चार नंबर.
चार नंबर, कुठं पोचलात?"