हो, इथंच

माझ्या दोन खोल्यांत एकशे चाळीस कंपन्या राहतात.
एकीचेही बूट दाराशी नसतात.
कपबश्या कमी पडत नाहीत,
रात्री कुणी खोकत नाही,
पायपुसणं बारा महिने कोरडं.

तालिन, कोप्लीची ट्राम, शेवटच्या थांब्याच्या एक अलीकडे.
तिसरा मजला. जिन्यात ओल्या लोकरीचा वास.
दारावर माझं नाव, विल्वे राउडसेप,
खाली कायद्यापुरती पितळी पट्टी.
मालक परदेशात असेल, कायदा म्हणतो,
तर इथं कुणीतरी हवं
पत्र घेणारं,
दार वाजलं की ‘हो, इथंच’ म्हणणारं.

तेवढं ‘हो, इथंच’ मी विकते.
पूर्वी गोदीत हिशेब लिहायचे; गोदी गेली,
अक्षर राहिलं.

कॉफी गाळताना त्यांची गावं म्हणून बघते.
लिमा. ग्युमरी. ढाका. बेनिन सिटी.
मूळची नावं कुठली कुठली,
पण आडनाव सगळ्यांना सासरचं लागलंय,
आमच्याकडची दोन अक्षरं.
माझा मुलगा हेलसिंकीत असतो.
कागदोपत्री तोही इथंच.

फेब्रुवारीत एक माणूस आला.
अंगात पातळ जाकीट, छातीशी फाईल.
“मी ओसाझे. बघायला आलोय.”
काय?
“कंपनी.”

शिंप्यांसाठी मापं लिहून ठेवणारं ॲप बनवतो तो.
पैसे घ्यायला त्याच्या देशातला पत्ता
कुठल्याच खिडकीवर चालेना,
म्हणून हा पत्ता.
कार्ड आणायला दोन सीमा ओलांडल्या,
मग एका रात्री जनरेटर चालू ठेवून
नोंदणी केली.
“अठरा मिनिटं लागली,” म्हणाला.
“माझ्या व्हिसाला चौदा महिने.
दोनदा नाही म्हणाले.
विचारत होते, तिकडे तुमचं आहे कोण?”

मी त्याला फडताळाशी नेलं.
कप्पा सत्त्याऐंशी.
आत करखात्याचं एक पत्र,
बँकेचं एक, खेद कळवणारं.
“एवढीच?”
एवढीच.

त्यानं खिशातून शिंप्याची टेप काढली.
रुंदी नऊ सेंटिमीटर.
खोली बत्तीस.
उंची मोजताना जरा वाकला,
पेन्सिलनं फाईलवर लिहून घेतलं,
मापाचं गिऱ्हाईक समोर उभं असावं
इतक्या अदबीनं.

बसायला काय देणार? कंपन्यांसाठी मी खुर्ची ठेवलेली नाही.
काळा पाव दिला, वर खारवलेली मासळी.
त्यानं उभ्यानंच खाल्लं,
काटे मोजून बशीच्या कडेला लावले.

तेवढ्यात दार वाजलं.
तो माझ्याकडे बघायला लागला
आणि मी, का कोण जाणे,
हात पुसत राहिले, उठले नाही.
त्यानं दार उघडलं.
पोस्टमननं पाकिटावरचं नाव वाचलं,
लिमाच्या कुणाचं तरी, त्याचं नव्हेच.
“याह, सीन,” तो म्हणाला,
आमच्या भाषेत, चुकीच्या जागी जोर देऊन.
हो, इथंच.

सही मात्र मीच केली.
“हा कोण?” पोस्टमननं हळूच विचारलं.
“सत्त्याऐंशी,” तोंडातून निघून गेलं.
मग म्हटलं, मालक.

जाताना त्यानं पायपुसण्याकडे बघून माफी मागितली.
बर्फाचं पाणी झालं होतं बुटांभोवती.

व्हिसा नऊ दिवसांचा होता.
दहाव्या दिवसापासून त्याला इथं राहायची परवानगी नाही.
कंपनीला आहे.
तिच्या नावानं आज पुन्हा पत्र आलंय:
वार्षिक अहवाल द्या, पत्ता बदलला असल्यास कळवा.
मी कप्प्यात ठेवलं.
नऊ बाय बत्तीस.
अजून पुष्कळ जागा आहे.