सावद्याच्या काट्यावर

हुरमतबाईंनी पत्र्याची पेटी रिक्षातून पाठवली,
सोबत निरोप : रद्दीवाला बारा रुपयांनी मागतो,
मले पटत नाही, तूच ठेव.
मी ती आधी काट्यावर ठेवली. सवयच ती.
एकतीस किलो चारशे.
घट धरली तर तीस.

आत सगळं मलाया.
सुलतान, पक्ष, पत्रकं,
खेड्यातले शाळामास्तर, ते मग संपादक झाले,
मग तुरुंगात गेले,
आणि त्यातले काही, कसे कोण जाणे, मंत्री.
सुभान तडवी सर आम्हाला राज्यशास्त्र शिकवायचे.
नागपूरच्या पलीकडे कधी गेले नाहीत.
प्रबंध अर्धा राहिला.
मागच्या बाकावर आम्ही त्यांना सुलतान म्हणायचो.

दोन ट्रकांच्या मध्ये वीस मिनिटं मिळतात.
तेवढ्यात चार पानं होतात, इंग्रजी अडलं तर दीड.
ड्रायव्हर विचारतो, "काय वाचून राहिली ताई, पोलीस भरती?"
"मलाया."
"तिकडे जाते का आपली केळी?"
"तिकडूनच आली, म्हणतात."
तो हसतो, पावती घेतो,
सही करायला विसरतो.

शब्द भेटतात. गुरू, भाषा, राजा.
लांब दिलेल्या पोरी दिवाळीला याव्यात तसे,
बोलणं बदललेलं, चाल तीच.
बुद्धीची तिकडे झाली बुदी, अर्थ झाला चांगुलपणा,
आणि कुणी केलेला उपकार हे बुदीचं कर्ज.
पंजारा म्हणजे तुरुंग. पिंजराच तो.
विचारवंताला शब्द हवा होता,
तो म्हणे चाणक्यावरून घेतला : चंदेकिया.
तिथे सरांची पेन्सिल :
"चाणक्य राजाला सल्ला देतो.
राजाला 'नाही' कोण म्हणतो?"

नाही म्हणणाऱ्यासाठीही शब्द आहे. देरहाका.
द्रोहातून आलेला,
पण मला दर वेळी त्यात हाकच ऐकू येते.
जुन्या दरबारात आज्ञा डोक्यावर घ्यायची असे,
आमची माणसं घड घेतात तशी, चुंबळ ठेवून.
मला आमच्या सोसायटीची वार्षिक सभा आठवली :
विषय क्रमांक एक ते अकरा, मंजूर, मंजूर,
मग जिलेबी.
मीही खाल्ली होती. दोनदा.

एका गोऱ्या अंमलदाराचं म्हणणं दिलंय,
इथला माणूस आळशी, कामाला लागत नाही.
समासात सर :
"आमच्यावरही हेच वाक्य आहे.
फक्त झाड बदललं. तिथे रबर, इथे मोह."

आणि पान दोनशे बारा. भूमिपुत्र.
शब्द जवळजवळ तसाच उभा,
त्याच्यावर कायदा, कायद्यावर भांडण,
कोण आधीचा, कोण नंतरचा, कुणाची किती पिढ्यांची माती.
मला वाटलं इथे तरी सर पान भरून लिहितील.
सातपुड्याच्या पायथ्याचा माणूस,
नाव एकीकडचं, दाखला दुसरीकडचा,
पडताळणी समितीपुढे तीन वेळा उभा राहिलेला.
तिथे फक्त एक तारीख आहे,
आणि पेन्सिलचं टोक मोडल्याचा ठिपका.
तारीख सुनावणीची असेल.
दुधाच्या हिशेबाचीही असू शकते.

शेवटच्या पुस्तकात रेघा पान एकशे चाळीसला संपतात.
पुढे मी एकटी वाचते, हळू,
कुठे थांबायचं ते कळत नाही.
काल एका ओळीशी मला भांडावंसं वाटलं.
लेखक म्हणतो, विचार करणारे थोडेच असतात
आणि बाकीचे त्यांच्या मागून जातात.
हाताशी पावत्यांचं निळं पेन होतं.
लिहिलं :
"बाकीचे कधी मोजले?"
मग पुस्तकात शाई लावली म्हणून
उगाच इकडेतिकडे पाहिलं.

संध्याकाळी हुरमतबाईंचा फोन.
वाचतेस का, विचारलं नाही.
पेटी तेवढी परत दे म्हणाल्या, गव्हाले होईल.
मी पुस्तकं केळीच्या खोक्यात भरली,
एकात मावली नाहीत, दोन लागले.
बाजूंना गोल भोकं आहेत त्यांच्या,
आत हवा खेळती राहावी म्हणून.